चिनी वाचायला 'नजर' किती लागते? (मुलांचं वाचन आणि दृश्य-आकलन)

शिंचूकरीण

नमस्कार मंडळी. आम्ही तैवानमध्ये शिंचूला राहतो, नवरा इथल्या चिप कंपनीत आहे. लेक बालवाडीपासून इथल्याच सरकारी शाळेत जाते, आता दुसरीत आहे. बोलण्यात पक्की तैवानी झालीय. बाजारात घासाघीस ती करते, मी पिशवी धरून मागे उभी असते. पण अक्षरांत मागे आहे आणि श्रुतलेखनाच्या दिवशी घरात रडारड ठरलेली.

परवा बाईंनी निरोपाच्या वहीत लिहिलं की मुलीचं दृश्य-आकलन कच्चं वाटतंय, त्यासाठीचा एखादा वर्ग लावून बघा. मी एका खासगी वर्गात चौकशी करून आले. गुंतलेल्या रेषांमधून त्रिकोण शोधायचा, पाचातली वेगळी आकृती ओळखायची, चक्रव्यूहातून वाट काढायची, असं सगळं. फी भरपूर आहे आणि वर्षभराची एकदम भरायची.

माझं कोडं असं की ही मुलगी जिगसॉ पझल माझ्याआधी लावते. नकाशावर बोट ठेवून आम्हाला रस्ता सांगते. मग तिची नजर कच्ची कशी? चिनी वाचनाचा आणि नजरेचा खरंच एवढा संबंध असतो का? कोणी यातलं जाणकार असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

केतकी_बन

वाचतेय. माझ्या भाच्याने असा वर्ग इथे पुण्यात केला होता, चित्रकला सुधारली. वाचनाचं माहीत नाही.

पेठेतला

चिनी म्हणजे चित्रलिपीच ना? मग नजर लागणारच. आपण आवाज जुळवून वाचतो, ते चित्र ओळखून वाचतात, म्हणून चिनी मुलांना डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही वाचनात अडणं) होत नाही असं कुठेतरी वाचलं होतं. ज्याची चित्रस्मृती चांगली तो चिनी वाचणार, सरळ हिशोब आहे.

टाकबोरू

पेठेतला, तुमच्या प्रतिसादात दोन जुने समज आहेत आणि दोन्ही खोडायला हवेत, कारण शिंचूकरीणबाईंचा प्रश्न त्यांच्यातच अडकलाय. मी चिनी शिकले आणि आता शिकवते, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिला समज चित्रलिपीचा. डोंगर, झाड, सूर्य असली चित्रावरून आलेली अक्षरं आहेत, पण थोडी. बीजिंग नॉर्मल विद्यापीठातल्या शू हुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये चीनच्या प्राथमिक शाळेतली २५७० अक्षरं तपासली. त्यातली सुमारे ७२ टक्के जोड-अक्षरं निघाली: एक भाग अर्थाकडे बोट दाखवणारा, दुसरा आवाजाकडे. 'आई' या अर्थाच्या 'मा'मध्ये डावीकडे स्त्री आणि उजवीकडे घोडा असतो. आईचा घोड्याशी काही संबंध नाही. घोड्याचा उच्चारही 'मा', फक्त सूर (आवाजाचा चढउतार) वेगळा, म्हणून तो तिथे आहे.

आता हे बघा. 'छिंग' असा उच्चार देणारा एक भाग आहे, मुळात तो हिरव्या-निळ्या रंगाचं अक्षर. त्याच्या डावीकडे पाणी लावलं की 'स्वच्छ, नितळ'. बोलण्याची खूण लावली की 'विनंती करणे'. हृदय लावलं की 'भावना'. सूर्य लावला की 'निरभ्र'. आणि डोळा लावला की 'बुबुळ', तिथे उच्चार थोडा सरकून 'जिंग' होतो. सूर्य म्हणजे उभा चौकोन आणि मध्ये एक आडवी रेघ. डोळा म्हणजे तोच चौकोन आणि आत दोन रेघा. निरभ्र आकाश आणि बुबुळ यांच्यात एवढाच फरक. तो फरक डोळ्यांना दिसतोच, आठ वर्षांच्या कुठल्याही मुलाला दाखवा. पण 'हवामानाच्या शब्दात सूर्य असणार' हे ज्याला माहीत आहे त्याला रेघ मोजावी लागत नाही.

दुसरा समज डिस्लेक्सियाचा. १९८२ मध्ये हेरॉल्ड स्टीव्हन्सन आणि त्यांच्या चमूने तैपेई, जपानमधलं सेन्दाई आणि अमेरिकेतलं मिनियापोलिस इथल्या पाचवीच्या मुलांची तुलना केली. वाचनात अडकणारी मुलं तिन्हीकडे सापडली. हा समज तेव्हाच निकालात निघायला हवा होता.

पेठेतला

हे नव्हतं माहीत. पण मग नजरेचा संबंधच नाही म्हणता?

टाकबोरू

तसं नाही म्हणत. आहे, आणि त्यावर बरंच काम झालंय. १९९५ मध्ये ह्वांग आणि हॅन्ली यांनी ब्रिटन, हाँगकाँग आणि तैवानमधल्या आठ वर्षांच्या मुलांची तुलना केली. ब्रिटिश मुलांच्या इंग्रजी वाचनाचं नातं शब्दातले आवाज सुटे करता येण्याशी जास्त होतं, तर हाँगकाँग-तैवानच्या मुलांच्या चिनी वाचनाचं आकार लक्षात ठेवण्याशी. 'चिनीला नजर लागते' हे वाक्य सगळीकडे फिरतं त्यामागे असे अभ्यास आहेत. पण पुढची कामं बघितली की चित्र बरंच गुंतागुंतीचं होतं. संध्याकाळी लिहिते, तास आहे.

चष्मेबद्दूर

नेत्रतज्ज्ञ म्हणून आधी एक गोष्ट सांगतो, कारण पालक या दोन्हीत गल्लत करतात. डोळ्याचा नंबर वेगळा, दृश्य-आकलन वेगळं. डोळ्यातल्या पडद्यावर प्रतिमा स्पष्ट पडली की डोळ्याचं काम झालं. त्या प्रतिमेतलं काय महत्त्वाचं, कोणता भाग कशाच्या डावीकडे, कालचा आकार आणि आजचा आकार एकच का, हे मेंदूचं काम. सहा बाय सहा दिसणारं मूलही दुसऱ्या कामात मागे असू शकतं, आणि जाड भिंगांचं मूल त्यात पुढे असू शकतं.

तरीही वर्ग लावण्याआधी डोळे तपासून घ्या. पूर्व आशियात शाळकरी मुलांमध्ये लघुदृष्टीचं प्रमाण जगात सर्वाधिक आहे, आणि दाट रेघांची अक्षरं फळ्यावरून उतरवताना अर्धा नंबरही त्रास देतो. दूरचा नंबर वाढलेलं मूल पुस्तकात बरोबर वाचतं आणि फळ्यावरचं चुकीचं उतरवतं. ही खूण घरीच ओळखता येते.

शिंचूकरीण

धन्यवाद डॉक्टर. शाळेत दर सत्रात डोळे तपासतात, गेल्या महिन्यात नंबर नव्हता. पुस्तकातूनही तसंच चुकते ती. टाकबोरू, तुमच्या संध्याकाळची वाट बघतेय.

मधुरा_हाँगकाँग

आम्ही इथे कोवलूनला. माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे, निदान तिसरीत झालं. त्यामुळे हा धागा अगदी जवळचा वाटला.

हाँगकाँगची गोष्ट अशी की इथे उच्चाराची वेगळी लिपी शिकवत नाहीत. तैवानला बोपोमोफो आहे, चीनमध्ये पिनयिन आहे. इथे साडेतीन वर्षांच्या मुलासमोर थेट अक्षर ठेवतात, बाई म्हणतात आणि मुलं मागे म्हणतात. 'बघा आणि म्हणा.' तीही पारंपरिक, भरगच्च अक्षरं. 'ऐकणे' या अर्थाचं अक्षर इथे २२ रेघांचं. चीनमध्ये सोपं केलेलं ७ रेघांचं. घोडा इथे १०, तिकडे ३.

माझ्या मुलाला सगळ्यांनी आधी 'लक्ष देत नाही' म्हटलं, मग 'नजर कमी' म्हटलं. तपासणी झाली तेव्हा कळलं की आकृत्यांच्या चाचणीत तो वयाच्या मानाने चांगला होता. अडत होता तो दोन ठिकाणी. आकडे भराभर म्हणून दाखव म्हटलं की लटकायचा. आणि कुठला भाग अक्षरात कुठल्या जागी बसतो हे त्याला उमगत नव्हतं: खोट्या अक्षरांमधून 'हे असू शकतं, हे असूच शकत नाही' असं निवडायला सांगितलं तेव्हा तो अंदाजाने बोट ठेवत होता. इथल्या कॉनी हो यांच्या संशोधनातही हाँगकाँगच्या डिस्लेक्सिक मुलांमध्ये याच दोन उणिवा सगळ्यात ठळक दिसल्या होत्या: भराभर नाव घेण्याची आणि अक्षराच्या घडणीची.

म्हणून शिंचूकरीण, 'नजर कच्ची' या निदानावर एकदम जाऊ नका. आमचं एक वर्ष त्यात गेलं.

सांजवारा

मधुराताई, मुलगा आता कसा आहे?

मधुरा_हाँगकाँग

सातवीत आहे. हळू वाचतो, पण वाचतो. क्रिकेटच्या बातम्या तर न सांगता. :)

डोंगरवाट

मला एक कळत नाही. आकार लक्षात ठेवण्याचा आणि चिनी वाचनाचा संबंध दिसला, मान्य. पण कोणामुळे कोण? चांगल्या नजरेमुळे वाचन सुधारतं, की रोज शेकडो अक्षरं घोटल्यामुळे नजर तयार होते? दुसरं खरं असेल तर वर्गवाल्यांचा मुद्दाच उलटा पडतो. ते परिणामाला कारण समजून विकतायत.

टाकबोरू

डोंगरवाट, नेमका प्रश्न. आणि यावर उत्तर आहे.

कॅथरीन मॅकब्राइड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये बालवाडीच्या वयाची चिनी, कोरियन, इस्रायली आणि स्पॅनिश मुलं घेतली आणि त्यांना अक्षरांशी संबंध नसलेल्या आकृत्यांच्या चाचण्या दिल्या. चिनी आणि कोरियन मुलं पुढे गेली. कोरियन लिपी तर आवाजाचीच आहे, पण तिचे भाग चौकोनात रचले जातात, एका ओळीत मांडले जात नाहीत. म्हणजे लिपीच डोळ्यांना वळण लावते.

त्याआधी २००५ मध्ये त्यांनीच हाँगकाँगची मुलं आणि चीनच्या मुख्य भूमीवरची मुलं यांची तुलना केली होती. आपल्याला वाटेल की २२ रेघांची अक्षरं शिकणाऱ्या हाँगकाँगच्या मुलांची नजर जास्त तयार होत असेल. निघालं उलटं! सोपी अक्षरं शिकणारी मुलं आकृत्यांमध्ये सरस होती. एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की रेघा कमी झाल्या की अक्षरं एकमेकांसारखी दिसायला लागतात, ओळखीच्या खुणा कमी होतात, मग उरलेल्या बारीक फरकाकडे जास्त निरखून बघावं लागतं.

आणि हे नातं वयाबरोबर बदलतं. कॉनी हो आणि पीटर ब्रायंट यांनी हाँगकाँगमध्ये मुलं वाचायला लागण्याआधीपासून काही वर्षं त्यांचा माग ठेवला. अगदी सुरुवातीच्या वाचनाशी नजरेची कौशल्यं जोडलेली दिसली. पुढे आवाजाची जाण महत्त्वाची ठरली, कारण मुलं तोवर अक्षरातला आवाजाचा भाग वापरायला शिकलेली होती. दुसरीतली मुलगी, म्हणजे शिंचूकरीणबाईंची लेक, नेमकी या वळणावर उभी आहे. अख्खं अक्षर आकार म्हणून गिळायचे दिवस संपतात, कारण तोवर अक्षरं शेकड्यांनी झालेली असतात. चीनच्या अभ्यासक्रमात दुसरी संपेपर्यंत सुमारे १६०० अक्षरं ओळखता यायला हवीत आणि ८०० लिहिता. प्राथमिक शाळा संपेपर्यंत ३००० आणि २५००. एवढे सुटे आकार कोणी पाठ करत नाही. भाग पाडले जातात, भागांच्या जागा कळतात, मग जमतं.

तांदूळ निवडणाऱ्या आजीच्या चष्म्याचा नंबर कितीही असो, खडा तिलाच आधी दिसतो. कुठे काय शोधायचं ते तिला माहीत असतं.

चष्मेबद्दूर

टाकबोरू, एक दुरुस्ती नव्हे, भर घालतो. नजरेची बाजू एवढी हलकी करू नका. २००९ मध्ये बीजिंगच्या डिस्लेक्सिक मुलांच्या मेंदूचं चित्रण झालं, त्यात काम साधं होतं: समोरच्या दोन अक्षरांपैकी आकाराने मोठं कोणतं? वाचायचंही नव्हतं. तरी त्या मुलांच्या मेंदूत जागा-अंतराचा अंदाज घेणारा भाग कमी कामाला लागलेला दिसला. त्याच मुलांना आवाजाचीही अडचण होती. दोन्ही उणिवा एकत्र. काही मुलांमध्ये नजरेचा भाग खरोखरच कमी पडतो, आणि त्यांच्या पालकांना 'नजरेचं काही नसतं' असं सांगणं अन्याय होईल.

चिनी ओळीत शब्दांमध्ये मोकळी जागा नसते हेही लक्षात घ्या. वाचकाची नजर एका थांब्यावर डावीकडचं एक आणि उजवीकडची दोन-तीन अक्षरं टिपते. इंग्रजीत उजवीकडची चौदा-पंधरा. चिनीत एवढ्या छोट्या पट्ट्यात भरपूर माल कोंबलेला असतो.

टाकबोरू

मान्य, आणि हे लिहिलंत ते बरं झालं. माझा विरोध 'नजर लागते' याला नाही. त्रिकोण शोधून ती वाचनासाठी तयार होते, या दाव्याला आहे.

केतकी_बन

एवढं सगळं वाचून मला आपल्या 'ध' आणि 'घ'ची आठवण झाली. माझा मुलगा दुसरीपर्यंत 'घर'ला 'धर' वाचायचा. 'भ' आणि 'म'चंही तेच.

खडूफळा

केतकी, बरोब्बर नस पकडलीस. मी पुण्यात विशेष शिक्षिका आहे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांची मुलं येतात. चिनी मला येत नाही, पण मुलं कशी अडतात ते रोज बघते.

देवनागरीलाही नजर कमी लागत नाही. 'कि' लिहिताना वेलांटी आधी, म्हणताना शेवटी. एकटा 'र' घ्या: 'प्र'मध्ये पायाशी तिरकी रेघ, 'ट्र'मध्ये काकपद, 'अर्क'मध्ये डोक्यावर रफार, 'सुऱ्या'मध्ये आणखी वेगळा. एकच आवाज, चार रूपं, चार जागा. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या कामात दिसलं की अक्षरांचा संच पक्का व्हायला चौथी-पाचवी उजाडते. इंग्रजीची सव्वीस अक्षरं पहिलीत संपतात, म्हणून आपल्या मुलांना 'मंद' म्हणणाऱ्या शाळांना हे वाचून दाखवावंसं वाटतं.

आता मुद्द्यावर येते. 'घर'चं 'धर' करणाऱ्या मुलाला मी आकृत्या जुळवायला देत नाही. 'ध'ची वरची गाठ बोटाने वाळूत गिरवून घेते, 'ध' आणि 'घ'चे शब्द शेजारी ठेवून वाचून घेते. अडचण अक्षराची असेल तर सराव अक्षराचा. आकृत्या जुळवून मूल आकृत्या जुळवण्यात हुशार होतं.

अगं शिंचूकरीण, तुझ्या लेकीच्या चुका कोणत्या ते सांग बघू. वही समोर ठेव आणि चार-पाच नमुने लिही. चुका बघितल्याशिवाय निदान करायचं नसतं, बाईंनीही नाही आणि आपणही नाही.

पेठेतला

खडूफळाताईंना +१. वही हजर करा!

शिंचूकरीण

घ्या, श्रुतलेखनाची वही समोर आहे. जमेल तसं शब्दात सांगते.

'निरभ्र'च्या जागी टाकबोरूंनी सांगितलेलं 'नितळ' लिहिलंय. तेच 'छिंग', फक्त सूर्याऐवजी पाणी.

'विनंती'च्या जागी 'भावना'. पुन्हा तेच कुटुंब.

पाण्याचे तीन थेंब हवेत तिथे दोन थेंब, म्हणजे बर्फाची खूण.

'स्वतः' आणि 'आधीच' यांची अदलाबदल. ही दोन अक्षरं तर मलाही छळतात: वळणदार आकडा तोच, डावीकडची उभी रेघ एकात मधल्या रेघेपाशीच थांबते, दुसऱ्यात किंचित वर डोकावते. पूर्ण वर जाऊन तोंड मिटलं की तिसरंच अक्षर, सापाच्या राशीचं.

आणि एक गंमत: 'जर्दाळू'चं अक्षर म्हणजे वर झाड, खाली तोंड. तिने तोंड वर आणि झाड खाली लिहिलं.

टाकबोरू

तोंड वर आणि झाड खाली म्हणजे 'खुळा, थिजल्यासारखा'! बाईंनी जर्दाळू मागितला आणि हिने खुळा दिला. :D

पण बघा, वहीनेच उत्तर दिलं. पहिल्या दोन चुकांत आवाजाचा भाग अचूक आहे. उजवीकडची आठ रेघांची गुंतागुंत तिने बरोबर काढलीय, चूक आहे ती अर्थाच्या खुणेत. नजर कच्ची असती तर गुंतागुंतीचा भाग बिघडला असता आणि सोपा भाग वाचला असता. तिला 'छिंग' ऐकू येतं, ती 'छिंग' लिहिते, पण कुठल्या 'छिंग'ला काय जोडायचं हे तिला कोणी उघडून सांगितलेलं नाही. मँडरिनमध्ये, म्हणजे तैवान-चीनच्या शाळांतल्या प्रमाण चिनीत, सूर सोडले तर जेमतेम चारशे उच्चार आहेत, सुरांसकट तेराशेच्या आत. एका उच्चाराला ढीगभर अक्षरं येतात. अर्थाचा भाग हाच तिथे आधार.

'स्वतः' आणि 'आधीच' मात्र खरी नजरेची चूक आहे. थेंबांची अर्धी-अर्धी.

डोंगरवाट

म्हणजे पाचातली एक-दीड चूक नजरेची. त्यासाठी वर्षाची फी?

जुईली_शांघाय

मी शांघायला नऊ वर्षं होते, मुलगा तिथल्या शाळेत पाचवीपर्यंत शिकला. तिथे सगळा भर लिहिण्यावर. चौकोनात अधिकचं चिन्ह छापलेल्या वह्या असतात, प्रत्येक अक्षर त्या चार खणांत कुठे बसतं ते बघून लिहायचं. कुठली रेघ आधी, कुठली नंतर, तेही ठरलेलं. आजी-आजोबा हवेत बोटाने गिरवून दाखवतात. सुरुवातीला मला हा छळ वाटायचा, पण त्यातूनच तो अक्षरं 'तुकड्यांनी' बघायला लागला. आधी प्रत्येक रेघेनंतर मान वर करून पुस्तकात बघायचा. नंतर अख्खा डावा भाग एकदम, मग उजवा.

टाकबोरू

जुईली, हे निरीक्षण फार मोलाचं आहे. मूल उतरवताना किती वेळा मान वर करतं यावरून ते अक्षराला रेघांचा ढीग समजतंय की भागांची रचना, हे कळतं. शिंचूकरीणबाई, हे आज रात्रीच बघा.

लिहिण्याचं म्हणाल तर २००५ मध्ये ली हाय टान आणि सहकाऱ्यांनी बीजिंगच्या प्राथमिक शाळेतल्या मुलांमध्ये हेच दाखवलं: चिनी वाचनाचं हाताने लिहिण्याशी असलेलं नातं आवाजाच्या जाणिवेशी असलेल्या नात्यापेक्षा मजबूत निघालं. लिहिताना भाग सुटे होतात आणि हाताची हालचालही स्मृतीत राहते.

सांजवारा

पण मग बोपोमोफोचा उपयोग काय? तैवानमध्ये तेही शिकवतात ना?

शिंचूकरीण

हो, ३७ चिन्हं, पहिलीचे पहिले दहा आठवडे फक्त तेच. ते तिला आठवड्याभरात आलं होतं, कारण तिला आधीपासून मराठी वाचता येत होतं. आजी व्हिडिओ कॉलवर बाराखडी घेते. आता पुस्तकात प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे बोपोमोफो छापलेलं असतं, ती धडा घडाघडा वाचते. श्रुतलेखनातच अडते.

मधुरा_हाँगकाँग

थांबा थांबा. ती अक्षर वाचते की शेजारचं बोपोमोफो? कागदाची पट्टी ठेवून उजवी बाजू झाका आणि वाचायला सांगा.

खडूफळा

मधुरा, शाब्बास. मला नेमका हाच वास येत होता. ज्या मुलाला आवाजाची लिपी पटकन येते, ते कठीण लिपीकडे बघतच नाही. इंग्रजी शब्दांवर पेन्सिलने देवनागरी लिहून वाचणारी मुलं माझ्याकडे येतात, त्यांचं इंग्रजी स्पेलिंग असंच राहतं.

शिंचूकरीण

आत्ताच केलं. उजवी बाजू झाकली तर धड्यातली निम्मी अक्षरं अडली. उघडली तर सुसाट! आणि उतरवताना मान वर करण्याचं म्हणाल, तर जुईली म्हणतात तसंच, जवळजवळ प्रत्येक रेघेला.

नवऱ्याला दाखवलं, तोही थक्क. दोन वर्षं आम्ही 'वाचते छान, लिहिताना घाबरते' असं समजत होतो.

डोंगरवाट

धाग्याचं सार्थक झालं.

टाकबोरू

आता वर्गाचं. माझं स्पष्ट मत: फी भरू नका. त्याऐवजी घरी हे करा. आठवड्याला एकच कुटुंब घ्या, 'छिंग'पासूनच सुरुवात. आवाजाचा भाग एका कार्डावर, पाणी, सूर्य, हृदय, बोलणं, डोळा वेगवेगळ्या कार्डांवर. तुम्ही वाक्य सांगा, 'आज आकाश निरभ्र आहे', आणि तिला कार्ड जोडू द्या. ते जुळलं की मगच हाताने लिहायचं. 'स्वतः–आधीच'सारख्या जोड्या शेजारी लिहून फरकाच्या जागी रंगीत पेन्सिल. आणि रोज एक परिच्छेद उजवी बाजू झाकून, अडलं तरच उघडायचं. बोपोमोफो पूर्ण बंद करू नका. तैपेईहून १९४८ पासून निघणारं मँडरिन डेली न्यूज मुलांसाठी बोपोमोफोसकट छापतात. नवीन शब्द मिळवायला ते उत्तम.

सहा महिन्यांत फरक पडला नाही तर रुग्णालयात रीतसर तपासणी करा. मधुराताईंच्या मुलासारखी अडचण असू शकते, आणि ती लवकर कळलेली बरी.

चष्मेबद्दूर

याला माझी पूर्ण संमती. आणि कार्डांचा खेळ बाल्कनीत किंवा अंगणात खेळा. तैवानमध्ये २०१० पासून शाळांतून रोज १२० मिनिटं मुलांना बाहेर उजेडात ठेवण्याचा कार्यक्रम चालतो, तो लघुदृष्टी रोखण्यासाठीच.

पेठेतला

मी चित्रलिपीवाला आता कार्डं कापायला घेतो, पुतणी मँडरिन शिकतेय बेंगळुरूला.

जुईली_शांघाय

टाकबोरू, एक विचारायचं राहिलं. आम्ही परत आल्यापासून मुलगा मित्रांशी चिनीत फक्त टाइप करतो. पिनयिन टाकायचं, फोन अक्षरं सुचवतो, हा निवडतो. वाचन टिकेल का त्याने?

टाकबोरू

ली हाय टान यांच्याच चमूने २०१३ मध्ये चीनमधल्या प्राथमिक शाळांत हे पाहिलं. पिनयिनने जास्त टाइप करणाऱ्या मुलांचं अक्षरवाचन कमी दिसलं, हाताने लिहिणाऱ्यांचं चांगलं. हा फक्त संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. पण पिनयिनने टाइप करताना मूल आवाज टाकतं आणि तयार अक्षर उचलतं, भाग जोडावे लागत नाहीत, हे तर उघड आहे. पाचवीपर्यंत तिथे शिकलाय, म्हणजे पाया आहे. फोनमध्ये बोटाने लिहिण्याचा पर्याय असतो, तो सुरू करून द्या. सुरुवातीला कंटाळेल, मित्रांना उत्तरं उशिरा जातील. आठवड्यातून दोन दिवस तरी करून घ्या आणि कुठली अक्षरं अडतात ती इथे कळवा, त्यांची कुटुंबं मी लावून देते.